मस्कतची शिस्त, अंत्रुजचा वळीव : देवळाच्या एका पायवाटेचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातले, म्हणजे जुन्या अंत्रुज महालातले एक देवस्थान. नाव सांगत नाही. हे वर्णन या भागातल्या चार देवळांना लागू पडेल, ते तसेच राहू दे. डोंगराच्या कुशीत देऊळ, खाली तळी आणि तळीच्या वरच्या अंगाने पोफळीच्या बागेला धरून जाणारी वाट. गाड्या लावतात तिथपासून देवळाच्या चौकापर्यंत ही वाट १०८ मीटर भरली. जपमाळेचा आकडा यावा हा निव्वळ योगायोग, पण महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांच्या सभेत खर्चाचा ठराव मंजूर करून घ्यायला तो उपयोगी पडला.

वाटेवर जुना सिमेंटचा कोबा होता, वर घोटून गुळगुळीत केलेला. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचे. आदल्या चतुर्थीला दोन वयस्क बायका तिथे घसरल्या, त्यातल्या एकीचे मनगट मोडले. त्यानंतर वाट नवी करायची हे सर्वांनाच पटले. कधी करायची यालाही फारसा वाव नव्हता. जत्रा माघात होऊन जाते, रामनवमी चैत्रात. ती आटोपली की कामाला हात घालायचा आणि मृगाच्या आत वाट मोकळी करायची.

ही वाट म्हणजे साधा फुटपाथ नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. इथे लोक अनवाणी चालतात, तेही भर दुपारी. एका ठिकाणी जत्रेतला लाकडी रथ वाट ओलांडून जातो. आणि जत्रेच्या पहाटे नवस फेडणारे भाविक याच वाटेवरून लोटांगण घालत देवळापर्यंत येतात. म्हणजे पृष्ठभाग पावसात घसरता कामा नये, उन्हात पाय भाजता कामा नये आणि लोटांगण घालणाऱ्याचे कोपर-गुडघे सोलता कामा नयेत. या तीन अटी एकमेकींच्या आड येतात.

एका दुपारचे काँक्रीट

एप्रिलच्या मध्यावर कंत्राटदाराने पहिला ट्रक मागवला. २४ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि १०० मिलिमीटर जाड पट्ट्याला पुरेल एवढे, साधारण सहा घनमीटर रेडीमिक्स, म्हणजे प्लांटवर मिसळून आणलेले काँक्रीट. ट्रक अकराला यायचा, तो कमानीपाशी पोचायला साडेबारा झाले. कमानीतून ट्रक आत येत नाही हे ठाऊक असूनही ढकलगाड्या दोनच आणल्या होत्या. ड्रममधला माल घट्ट व्हायला लागला तेव्हा कुणीतरी त्यात पाण्याची नळी सोडली. किती पाणी गेले याचा हिशेब आजवर कुणी देऊ शकलेले नाही. शेवटची ढकलगाडी रिकामी झाली तेव्हा अडीच वाजले होते, आणि पश्चिमेचा वारा पोफळी हलवत होता.

चारच्या सुमारास भेगा दिसू लागल्या. वाटेला तिरक्या, एकमेकींना जवळपास समांतर, हात-दीड हात अंतरावर. गवंड्याने त्यांवर कोरडे सिमेंट भुरभुरले आणि थापीने घोटून टाकले. संध्याकाळी वाट देखणी दिसत होती. तिसऱ्या दिवशी त्याच भेगा त्याच जागी वर आल्या. समितीने काम थांबवले आणि मला निरोप धाडला. मी इथलाच स्थापत्य अभियंता. देवळाच्या कामाला फुकट सल्ला द्यायचा, हा गावचा रिवाज.

पाहणीला गेलो तेव्हा भेगांपेक्षा मला भेगा नसलेली जागा जास्त बोलकी वाटली. २४ मीटरपैकी कमानीकडच्या ९.६ मीटरमध्ये एकही भेग नव्हती. माल त्याच ट्रकचा, माणसे तीच, जादा पाणीही तेच. फरक एवढाच की तिथे आंब्याची सावली पडते आणि पश्चिमेला अग्रशाळेची, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीची भिंत आहे. ऊन आणि वारा, दोन्ही अडलेले.

काँक्रीट अजून ओले असताना पडणाऱ्या या भेगा. आतले पाणी वर येण्याच्या वेगापेक्षा वरचे पाणी उडून जाण्याचा वेग जास्त झाला की वरचा पापुद्रा आकसतो, आणि ताण सोसण्याइतके बळ तोवर त्याच्यात आलेले नसते. बाष्पीभवनाचा हा वेग काढण्याचे सूत्र आहे. त्यात चार गोष्टी लागतात : काँक्रीटचे तापमान, हवेचे तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा. तासाला चौरस मीटरमागे १ किलोच्या पुढे गेले की सावध व्हा, असा अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शनातून रूढ झालेला आडाखा आहे. त्या दुपारचा अंदाज धरला : हवा ३४ अंश, काँक्रीट ३६, दमटपणा ६० टक्के, वारा ताशी २० किलोमीटर. उत्तर आले जवळपास १.२ किलो. म्हणजे त्या २४ मीटरच्या पट्ट्यावरून तासाला सत्तर लिटर पाणी उडत होते. पाच बादल्या!

मग याच गणितात वारा तेवढा बदलून पाहिला. ताशी ५ किलोमीटर धरला तर तेच उत्तर ०.४५ किलोच्या आत येते. खरे वाळवंट घातले, म्हणजे हवा ४२ अंश, दमटपणा १५ टक्के, काँक्रीट आणि वारा तेवढाच, तर २ किलोच्या थोडे वर जाते. आपल्याकडे दमट हवा आहे, इथे काँक्रीट सुकत नाही, असे कंत्राटदार म्हणत होता. वारा नसेल तेव्हा त्याचे म्हणणे खरे आहे. वैशाखातल्या दुपारी समुद्रावरून वारा सुटला की गोवा अर्धे वाळवंट होते.

मस्कतहून आलेला माणूस

गोव्यातल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस आखातात राहून आलेला असतो. समितीच्या खजिनदारांच्या नात्यातला असाच एक मुकादम एकोणीस वर्षे मस्कतमध्ये फुटपाथ आणि बंगल्यांची अंगणे घालून परतला होता. खजिनदार त्याला घेऊन आले. त्याने वाकून पट्ट्यावर नख ओढले, निघालेली सिमेंटची पूड फुंकली आणि मला विचारले, "बाब, ट्रक आला तेव्हा माल किती गरम होता?" कुणी मोजलेच नव्हते. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी येताना लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन आला.

त्याच्या साईटवर माल ३२ अंशांच्या वर असला की ट्रक परत जायचा. उन्हाळ्यात मिश्रणात पाण्याऐवजी बर्फाचा चुरा पडायचा. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचे काम कायद्यानेच बंद असते, त्यामुळे काँक्रीट रात्री ओतायची सवय त्याच्या अंगात मुरलेली. खारट जमिनीतले क्षार वर चढू नयेत म्हणून स्लॅबखाली प्लास्टिकचा कागद, वर ओल्या गोणपाटावर पुन्हा कागद. या शिस्तीतले काय उचलायचे आणि काय सोडायचे, हाच पुढच्या दहा दिवसांतला आमचा वाद. त्यातल्या दोन मुद्द्यांवर तो बरोबर ठरला, एकावर मी, आणि एकावर आम्ही दोघेही चुकलो.

पर्याय

काँक्रीटच कशाला, हा प्रश्न सभेत पुन्हा निघाला. जांभ्या दगडाचे चिरे दिसायला सर्वांत शोभतात, पण उघड्यावर, सावलीत, सतत ओले राहणारे चिरे शेवाळ पितात आणि पायाखाली झिजतात. पेव्हर ब्लॉक सोपे. मात्र खालून झरे फुटणाऱ्या उतारावर ते वर्षा-दोन वर्षांत खचतात, आणि सांध्यांवरून लोटांगण घालणाऱ्याची अवस्था पाहवणार नाही. घोटीव ग्रॅनाइट एका सभासदाने सुचवला. तो पावसात कसा लागतो, हे त्यांना अग्रशाळेच्या पायरीवर पाणी ओतून दाखवले. विषय संपला.

खरा पेच त्या २४ मीटरचा होता. भेगांत पातळ सिमेंट किंवा इपॉक्सी भरायचे? वरून नवा थर द्यायचा? की फोडायचे? भेगा पडलेल्या भागात आम्ही तीन ठिकाणी छिन्नीने खोदून पाहिले. दोन ठिकाणी भेग निम्म्या जाडीच्या खाली गेली होती, एका ठिकाणी आरपार. अशा भेगेत भरलेली वस्तू पहिल्या पावसापुरती. वर थर द्यायचा तर खालच्या भेगा त्यातून पुन्हा उमटणार. १४.४ मीटर फोडायचे ठरले. सावलीतले ९.६ मीटर ठेवायचे का, यावर मी "ठेवू" म्हणालो. भेगा नाहीत, जाडी बरी आहे, खर्च वाचतो. मुकादम म्हणाला, पाणी तर यातही गेले आहे. त्याचे ऐकले नाही. त्याबद्दल पुढे.

वेळ आणि बर्फ

पहाटे चारला सुरू करून उजाडेपर्यंत संपवायचे, असे मला वाटत होते. मुकादमाचा आग्रह संध्याकाळचा. त्याचे कारण असे : पहाटे ओतलेल्या काँक्रीटची स्वतःची उष्णता चढते ती नेमकी दुपारच्या उन्हात. दोन्ही उष्णता एकात एक मिसळतात आणि रात्री गार होताना आकुंचनही तेवढेच मोठे होते. संध्याकाळी ओतले तर ही उष्णता रात्रीच्या गारव्यात निघून जाते. मला हे पुस्तकातून माहीत होते, सुचले मात्र नव्हते. वाऱ्याचे गणितही त्याच्याच बाजूने होते : सूर्यास्तानंतर समुद्राचा वारा पडतो. हवा २९ अंश, दमटपणा ८० टक्के, वारा ५ किलोमीटर आणि माल ३१ अंश धरला तर बाष्पीभवन ०.२ किलोवर येते. दुपारच्या सहाव्या हिश्शाएवढे. सायंआरतीच्या वेळी यंत्रे बंद ठेवायची, या अटीवर समितीने संध्याकाळला होकार दिला.

बर्फावर मात्र गंमत झाली. रेडीमिक्सवाल्याकडे बर्फाची सोय नव्हती. गोव्यात बर्फाचे कारखाने आहेत ते मासळीसाठी. कुणीतरी सहज म्हणाले, जेटीवरून लाद्या आणू. भटजी उठून उभेच राहिले : मासळीचा बर्फ देवाच्या वाटेत? धर्माचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तो बर्फ कसल्या पाण्याचा, ही शंका रास्तच होती. शिवाय हिशेबही मांडला. घनमीटरला १० किलो बर्फ घातला तर माल जेमतेम दोन अंशांनी उतरतो. त्याऐवजी खडी गार ठेवणे परवडते. ठोकताळा असा की मालाचे तापमान १ अंशाने उतरवायला खडी-रेती २ अंशांनी, नाही तर पाणी ४ अंशांनी, नाही तर सिमेंट ८ अंशांनी गार असावे लागते. काँक्रीटमध्ये वजनाने सर्वांत जास्त खडी-रेतीच असते, हे त्याचे कारण. प्लांटवरच्या खडीवर शेडनेट बांधून घेतली, दुपारपासून तिच्यावर पाणी शिंपडायला लावले, पाण्याची टाकी सावलीत हलवली. खडीतला ओलावा धरून मिश्रणाचे पाणी तेवढे कमी करा, हे त्यांना दोनदा बजावले. तिन्ही संध्याकाळी माल ३१ ते ३२ अंशांत आला. बर्फाशिवाय.

खालची जमीन

प्लास्टिकच्या कागदावरून आमचे खरे वाजले. मुकादमाच्या मते स्लॅबखाली प्लास्टिक हवेच. मस्कतला वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. आमच्याकडे जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा होतो आणि वर्षाचा आकडा ३,००० च्या घरात जातो. तिथली भीती खालून चढणाऱ्या क्षारांची. इथले पाणी गोडे. ते क्षार आणत नाही, जमीन घेऊन जाते. वाटेच्या वरच्या अंगाला चिऱ्याचा कातळ आणि त्याखाली चिकण माती. पावसाळ्यात दोहोंच्या मधून झरे फुटतात. स्लॅबला खालून पोकळ करणारे हे पाणी कागदाने थांबणार नाही. उलट कागदामुळे ओल्या काँक्रीटचे पाणी फक्त वरूनच सुकते आणि कडा उचलण्याचा धोका वाढतो. कागद काढून टाकला. त्याऐवजी भराव आदल्या दिवशी भिजवला, ओतताना डबके राहू दिले नाही.

खर्च कागदावर न करता वरच्या अंगाला धोंड्यांचे गटार काढले : फूट-दीड फूट खोल चर, तळाला छिद्रांचा पाइप, वर मोठी खडी, भोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड. ठराविक अंतराने वाटेखालून आडवे पाइप देऊन पाणी तळीच्या बाहेरच्या ओहोळात सोडले. चिकण मातीचे दोन कप्पे खोदून काढून त्यांत सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि मुरूम भरला, धुमसाने ठोकला. वाटेला आडवा उतार ५० ला १ दिला. या सगळ्याला सहा दिवस लागले. काँक्रीट न दिसता सहा दिवस गेले म्हणून समितीतले दोघे अस्वस्थ होते, आणि "अजून खड्डेच खणताय?" हा प्रश्न मला रोज संध्याकाळी आरतीनंतर ऐकावा लागला.

पृष्ठभाग

मीटर-मीटरचे तीन नमुने घातले : एक थापीने घोटलेला, एक झाडूने ओरखडलेला, एक ओले गोणपाट ओढलेला. सातव्या दिवशी त्यांवर पाणी ओतून भटजी, मनगट मोडलेल्या आजी आणि लोटांगणाचा नवस असलेला एक तरुण यांना अनवाणी चालवले. तरुणाने प्रत्येकावर लोटांगणही घालून पाहिले. घोटलेल्यावर आजी उभ्या राहायला तयार नव्हत्या. झाडूच्या नमुन्याने तरुणाचे कोपर लाल झाले. गोणपाटावर सगळ्यांचे एकमत झाले. आजवर केलेल्या कुठल्याही कामात इतकी चोख चाचणी झाली नव्हती.

लाल ऑक्साइड घालण्याचा आग्रह होता, जुन्या गोमंतकीय घरांच्या जमिनीसारखा. घरात तो थंड वाटतो कारण तिथे ऊन नाही. उघड्यावर गडद रंग ऊन पितो. खजिनदारांनी स्वतः दुपारी दोन वाजता लाल फरशीच्या तुकड्यावर आणि राखाडी नमुन्यावर एकेक पाय ठेवला आणि आळीपाळीने उचलला. रंग रद्द झाला. कडेला चिऱ्यांची ओळ द्यायची यावर मिटले.

प्रत्यक्ष काम

फोडलेले १४.४ आणि उरलेले ८४ मीटर, असे २.४ मीटरचे ४१ चौकोन घालायचे होते. जाडी १२५ मिलिमीटर, रथाच्या जागी दोन चौकोन २०० मिलिमीटर. मिश्रण एम २५ प्रतीचे, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५, उशिरा सेट होण्यासाठी रिटार्डर. सळई घातली नाही. चालण्याच्या वाटेत ती गंजण्यापलीकडे फारसे काही करत नाही. भेगा आवरायचे काम सांध्यांचे, म्हणजे ठराविक अंतरावर मुद्दाम पाडलेल्या खाचांचे. जाडीच्या २४ ते ३० पटींत सांधा यावा आणि चौकोन शक्यतो चौरस असावा, हा नियम इथे आरामात बसत होता. दीपस्तंभाचा चौथरा, पायऱ्या आणि भिंत यांच्याशी स्लॅब चिकटू नये म्हणून मध्ये फोमची पट्टी दिली. १० मीटर काँक्रीट ३० अंशांनी तापले तर साधारण ३ मिलिमीटर वाढते. वाढायला जागा ठेवली नाही तर ते स्वतःच शोधते.

तीन संध्याकाळी मिळून तीस घनमीटर. प्रत्येक संध्याकाळी पाच-पाच घनमीटरचे दोन ट्रक, मध्ये तासाचे अंतर, आठ ढकलगाड्या. मुकादम ड्रमच्या नळीपाशीच उभा राहायचा. "उदक घालूं नाका" हे कोकणीत आणि मग मजुरांना कळावे म्हणून हिंदीत, रात्रभर. माल घट्ट वाटला तर प्लांटचा माणूस पाण्याशिवाय माल सैल करणारे रसायन, प्लास्टिसायझर, मोजून घालायचा. पाणी नाहीच.

तिसऱ्या संध्याकाळी साडेचारलाच पूर्वेला सत्तरी तालुक्याच्या बाजूने ढग चढले. वाळवंटात संध्याकाळ सुरक्षित असते. मे महिन्यातला आमचा वळीव मात्र बहुधा संध्याकाळीच येतो, गडगडाट करत. मुकादमाच्या नियमात हे कलम नव्हते. ताडपत्र्या होत्या, पण ताज्या काँक्रीटवर ताडपत्री टेकली की गोणपाटाची रेघ पुसते, आणि ती अधांतरी धरायला कमानी केलेल्या नव्हत्या. प्लांटला फोन करून माल मळण्याआधीच ट्रक थांबवला. त्या रात्री पाऊस पडला नाही. मजुरी बुडाली, खजिनदारांनी "उगाच घाबरलात" असे ऐकवले. दुसऱ्या दिवशी बांबूच्या कमानी करून ओतले. आठच्या सुमारास दहा मिनिटे सरी आल्या, आणि कमानींवरच्या ताडपत्र्यांनी निभावून नेले.

पाणी मारण्याला, म्हणजे क्युरिंगला, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात कोरड्या उष्ण हवेत निदान १० दिवस आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस सांगितले आहेत. आमचे सिमेंट पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेले, म्हणून १४ दिवस. तळीचे पाणी वापरायचे नाही असे ठरले होते, म्हणून टँकर लावला. गोणपाटासाठी एका दुकानदाराने साखरेच्या तागाच्या गोणी फुकट देऊ केल्या. मुकादमाने त्या हुंगून परत पाठवल्या. साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही. गोणीत उरलेली चिमूटभर साखरही वरचा थर मऊ ठेवायला पुरते. नवे गोणपाट आणले, तेही धुऊन. वर पांढरा कागद, कडांना चिऱ्यांचे तुकडे.

निकाल

दोन पावसाळे होऊन गेले. ४१ नव्या चौकोनांपैकी ३९ शाबूत आहेत. वरच्या गटारातून जून अखेरीपासून आडव्या पाइपांना धार लागते ती दसऱ्यापर्यंत. एकही चौकोन खचलेला नाही. शेवाळ धरते, पण वर्षातून एकदा ताठ ब्रशने घासले की जाते, आणि ओल्यातही पाय धरतो. जत्रेच्या पहाटे लोटांगणे झाली, कुणाची तक्रार आली नाही.

भेगा पडलेल्या दोन चौकोनांची कारणे स्पष्ट आहेत. एक पहिल्या रात्रीचा. सांधे कापायला कटरवाला पहाटे साडेपाचला यायचा, तो नऊला आला. तोवर ऊन चढले होते आणि एका चौकोनाने आमची वाट न पाहता स्वतःचा सांधा पाडून घेतला. दुसरा चौकोन गटाराच्या चेंबरला लागून आहे. चेंबरचा कोपरा स्लॅबमध्ये घुसतो, तिथूनच तिरकी भेग निघाली. दीपस्तंभाभोवती फोम दिला आणि चेंबरपाशी विसरलो. ही चूक मुकादमाचीही आणि माझीही. नकाशावर चेंबर मीच काढले होते.

आणि ते राखलेले ९.६ मीटर. भेग अजूनही नाही. पण पृष्ठभाग पिठासारखा झडतो, पायाला पांढरी पूड लागते, पावसात त्याच पट्ट्यावर शेवाळ काळेभोर होते आणि वर्षातून तीनदा घासावे लागते. जादा पाण्याची ही फळे. सावलीने तिथल्या भेगा टाळल्या. पाण्याने झालेले नुकसान ती कसे टाळणार? भेगा नाहीत एवढेच पाहून मी त्या पट्ट्याला चांगला म्हटले होते.

काय वेगळे करता आले असते

२४ मीटर एकत्रच फोडायला हवे होते. त्या दिवशी वाचलेला खर्च घासण्याच्या मजुरीत हळूहळू जातोच आहे. निदान तो पट्टा राखण्याआधी त्यावर खिळ्याने ओरखडून पाहायला हवे होते. मुकादमाने पहिल्याच दिवशी नखाने ते केले होते. मी पाहिले होते.

सांधे केवळ कटरवर सोडू नयेत. दुसऱ्या रात्रीपासून आम्ही दर तिसरा सांधा ओल्यातच खाच पाडणाऱ्या थापीने घेतला आणि उरलेले पहाटे कापले. हे पहिल्या रात्रीच करायला हवे होते. यंत्र भाड्याचे असेल तर ते साईटवरच मुक्कामाला ठेवावे.

आंब्याच्या मुळांचा विचार उशिरा झाला. बुंध्याजवळून जाणाऱ्या चौकोनाची एक कड किंचित उचललेली दिसते आहे, अजून बोटभरही नाही. तिथे काँक्रीटऐवजी सुटे चिरे बसवले असते तर मूळ वाढेल तसे ते उचलून पुन्हा बसवता आले असते.

ट्रक रद्द केला त्या संध्याकाळी पाऊस आला नाही, तरी तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. कमानींशिवाय सुरुवात करणे ही खरी चूक होती. मे महिन्यात गोव्यात संध्याकाळी काँक्रीट घालायचे तर पहिला ट्रक येण्याआधी बांबू उभे हवेत.

सावलीतले ते राखलेले ९.६ मीटर, म्हणजे चार चौकोन, येत्या उन्हाळ्यात फोडायचे समितीने मंजूर केले आहे. खजिनदारांची एकच अट आहे : आंबे उतरवून झाल्यावर. म्हणजे मे अखेर, म्हणजे ऐन वळवात. मुकादमाने बांबू आत्ताच सांगून ठेवले आहेत.